विश्वाबद्दल काय कळणार नाही, हे कसं कळतं?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : विश्वाला शेवट आहे का, असलाच तर त्याच्या पलीकडे काय, आणि हे माणसाला कधी कळेल का, की आपल्या बुद्धीची झेपच तेवढी नाही? जोडीला एक चिमटाही आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर बिग बँग, म्हणजे विश्वाची सुरुवात अतिशय उष्ण आणि दाट अवस्थेतून झाली हा सिद्धान्त, मानत नव्हते, मग बाकीचे लोक इतक्या ठामपणे कसे बोलतात?

मी रेडिओ खगोलशास्त्रातला माणूस. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण आहे, तिचा डेटा हाताळण्यात माझं बरंचसं काम झालं. दरवर्षी २८ फेब्रुवारीला तिथे विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, तेव्हाही हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. बुद्धीची झेप किती यावर मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण मोजमाप कुठे अडतं ते सांगू शकतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. विश्वाच्या बाबतीत बुद्धी कमी पडली म्हणून आपण अडलो, असं फार थोड्या वेळा झालंय. खरे अडथळे दोन. एक प्रकाशाचा वेग, आणि दुसरा म्हणजे अभ्यासाला विश्व एकच मिळालंय ही गोष्ट. आणि हे अडथळे धूसर नाहीत. किती कळणार नाही याचा हिशेब मांडता येतो.

आधी ‘कधीच कळणार नाही’ या विधानाची जुनी गोष्ट. १८३५ मध्ये ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं की ताऱ्यांची अंतरं, आकार, गती आपण मोजू शकू, पण ते कशाचे बनलेत हे कुठल्याच उपायाने कळणार नाही. तर्क काही वेडगळ नव्हता. ताऱ्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणणार कोण? काँत १८५७ मध्ये वारला आणि दोनच वर्षांनी किरखॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं की तुकड्याची गरजच नाही. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाच्या वर्णपटात आपापल्या रेषा उमटवतं; प्रकाश आला की रेषा येतात आणि रेषा आल्या की पदार्थ ओळखता येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्याच शरद ऋतूत लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय, तेच साधलं. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमशी जुळेना. तिला हेलियम हे नाव मिळालं, आणि पृथ्वीवर तो वायू रॅमसेच्या हाती लागला तो थेट १८९५ मध्ये.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण आपल्याकडे ही गोष्ट विजयदुर्गाला जोडून सांगतात. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, तिथेच १८६८ मध्ये लॉकियरला हेलियम सापडला असं म्हणतात. लॉकियर विजयदुर्गाला खरंच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर हेलियमचा शोध कधीच लागून गेला होता. किल्ल्याचा मान त्याने कमी होत नाही. तारीख मात्र नीट सांगावी.

काँतची मर्यादा साधनांची होती, आणि अशा मर्यादा पडतात. म्हणून एखाद्या शास्त्रज्ञाने ‘अशक्य’ म्हटलं की आधी विचारावं, अशक्य कशामुळे? यंत्र नाही म्हणून, पैसा नाही म्हणून, की निसर्गाचा नियमच आडवा येतो म्हणून? या तीन उत्तरांचं वजन सारखं नाही.

आता माझ्या कामातली एक गोष्ट जवळून दाखवतो. विश्वात सगळ्यात जास्त आहे तो हायड्रोजन. त्याचा थंड, विद्युतभार नसलेला अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झ. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबून निघालेली ही लहर वाटेत ताणली जाते आणि कमी कंपनसंख्येला आपल्याकडे पोचते. जितकी जुनी, तितकी खाली. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी त्या पत्र्याऐवजी बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या जाळीच्या केल्या, म्हणून त्या आपल्याला परवडल्या. २०२३ च्या सुरुवातीला याच दुर्बिणीतून एका दीर्घिकेच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहाच्या) हायड्रोजनचा संकेत मिळाल्याचं जाहीर झालं. तो ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता आणि १४२० ऐवजी ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचला. तोही दिसला तो वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून त्याला सुमारे ३० पट मोठं केलं म्हणून.

त्याहून मागे जायचं तर? पहिले तारे पेटले तेव्हाचा हायड्रोजन १५० मेगाहर्ट्झ आणि त्याखाली शोधावा लागतो. तिथे आपल्याच आकाशगंगेची रेडिओ-चमक शेकडो केल्विन भरते, आणि शोधायचा संकेत असतो काही मिलिकेल्विन. (रेडिओ-चमक आम्ही तापमानाच्या एककात, केल्विनमध्ये मोजतो; मिलिकेल्विन म्हणजे त्याचा हजारावा भाग.) वर मोबाइल टॉवर, विमानं, उपग्रह, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या. आमचा निम्मा वेळ फ्लॅगिंगमध्ये जातो, म्हणजे डेटातला हा कचरा खूण करून बाजूला काढण्यात. बरं, नुसतं जास्त वेळ बघून फारसं भागत नाही. नॉइज, म्हणजे डेटातली निरर्थक खरखर, निम्मी करायची तर निरीक्षणाचा वेळ चौपट लागतो, दहावा हिस्सा करायची तर शंभरपट.

आणि कचरा काढताना सोनंही गेलं तर? हे झालेलं आहे. जीएमआरटी वापरून एका आंतरराष्ट्रीय गटाने २०११ मध्ये जाहीर केलं की त्या काळातल्या हायड्रोजनचा संकेत असलाच तर ७० मिलिकेल्विनहून मोठा नाही. मग त्याच गटाने आपल्या डेटात मुद्दाम खोटा संकेत मिसळून पाहिला. आकाशगंगेची चमक वजा करण्याच्या पद्धतीत तो संकेतही बऱ्यापैकी वजा होत होता. २०१३ मध्ये त्यांनी नवा आकडा छापला : २४८ मिलिकेल्विन. आकडा बिघडला, ज्ञान सुधारलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दोन्ही पेपर एकापाठोपाठ एक वाचायला देतो.

दुसरं उदाहरण जास्त गाजलं. २०१८ मध्ये एजेस नावाच्या प्रयोगाने ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातून आकाशाच्या रेडिओ-चमकेत ७८ मेगाहर्ट्झला एक खळगा दिसल्याचं सांगितलं. पहिल्या ताऱ्यांची खूण म्हणून तो मांडला गेला, पण खोली सुमारे अर्धा केल्विन, म्हणजे अपेक्षेच्या दुप्पट किंवा जास्तच. डार्क मॅटरबद्दलच्या, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याबद्दलच्या, नव्या कल्पनांचा पाऊस पडला. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतल्या लोकांना शंका वेगळीच होती : अँटेनाखालच्या जमिनीतून परतणारी लहर हा खळगा तयार करत नसेल ना? त्यांनी आपला सारस-३ हा अँटेना तराफ्यावर बसवून कर्नाटकात दंडिगानहळ्ळीच्या तलावात आणि शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये तरंगता सोडला, कारण पाणी सगळीकडे एकसारखं असतं. २०२२ मध्ये निकाल छापला : तसा खळगा दिसत नाही, ९५.३ टक्के खात्रीने. ९५.३ ही काही अखेरची खात्री नाही, वाद पूर्ण मिटलाय असंही नाही. पण पहिल्या ताऱ्यांबद्दलचं एक मोठं विधान अँटेनाखाली माती आहे की पाणी यावर अडलं होतं, हे लक्षात घ्या. ‘ज्ञानाच्या मर्यादा’ म्हणून लोक ज्याबद्दल बोलतात त्यातला फार मोठा हिस्सा इतका जमिनीवरचा असतो.

हे सगळं काँतच्या जातीचं. कष्टाचं, पण पुढेमागे सुटणारं. आता न सुटणाऱ्याकडे येतो. आधी प्रकाशाच्या वेगाचा अडथळा.

विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. म्हणून १३८० कोटी प्रकाशवर्षांपर्यंतचं दिसतं असं बरेच जण धरून चालतात. पण प्रकाश वाटेत असताना मधलं अंतर वाढत राहिलंय, त्यामुळे ज्या ठिकाणाहून सगळ्यात जुना प्रकाश निघाला ते ठिकाण आज ४६०० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. ही दृश्य विश्वाची सीमा. तिथे भिंत नाही, कडा नाही. तिथल्या कोणा खगोलशास्त्रज्ञाला त्याच्याभोवतीही असाच गोल दिसेल, आणि आपण त्याच्या सीमेवर असू.

यापेक्षा कडक दुसरी सीमा आहे. १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून कळलं की प्रसरणाचा वेग वाढतोय. २०११ चं नोबेल पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना त्याबद्दल मिळालं. याचा परिणाम असा की आज आपल्यापासून साधारण १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांहून लांब असलेल्या दीर्घिकेतून आज निघालेला प्रकाश आपल्याकडे कधीच पोचणार नाही. कितीही थांबा. दृश्य विश्वाचा सुमारे ९५ टक्के भाग या रेषेच्या बाहेर आहे. जेम्स वेब दुर्बिणीने बिग बँगनंतर जेमतेम ३० कोटी वर्षांनीच्या दीर्घिका पाहिल्या, त्या आपल्याला त्यांच्या बालपणीच्या रूपात दिसतात. त्यांचं आज काय चाललंय हे कोणाला, कुठल्याही यंत्राने, कळणार नाही. खोडदला सापडलेली ती ८८० कोटी वर्षांपूर्वीची दीर्घिका मात्र अजून रेषेच्या आत आहे.

आणि ही सीमा आपण केव्हा जन्मलो यावरही अवलंबून आहे. क्राउस आणि शेरर यांनी २००७ मध्ये याचा हिशेब मांडला. सुमारे १० हजार कोटी वर्षांनी आपल्या आसपासच्या दीर्घिका एकमेकींत मिसळून एकच उरेल, बाकी सगळ्या दिसेनाशा होतील, आणि बिग बँगची शिल्लक राहिलेली उष्णता इतकी विरळ होईल की तीही मोजता येणार नाही. तेव्हाचा हुशारातला हुशार शास्त्रज्ञ उत्तम निरीक्षणं करून, काटेकोर तर्क लावून ‘विश्व म्हणजे एकच, स्थिर दीर्घिका’ असा निष्कर्ष काढेल. त्याची चूक दाखवायला पुरावाच उरलेला नसेल. आपल्या बाबतीतही एखादा पुरावा असाच आधीच निघून गेला असेल का? असेल. त्यावर काही करता येत नाही, आणि म्हणूनच त्याची मी फार काळजी करत नाही.

मला स्वतःला सगळ्यात टोचणारी मर्यादा दुसरी आहे, अभ्यासाला विश्व एकच असण्याची, आणि तिच्याबद्दल बाहेर फारसं बोललं जात नाही. बिग बँगनंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतकं निवळलं की प्रकाश मोकळा झाला. तोच आज २.७२५ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. पेन्झियस आणि विल्सन यांना तो १९६४ मध्ये न्यू जर्सीत सापडला. आम्ही त्याला सीएमबी म्हणतो. त्याच्या तापमानात जागोजागी एक लाखात एक भाग असा फरक आहे, आणि विश्वाबद्दलचे आपले बरेचसे आकडे त्या फरकांच्या नकाशातून येतात. नकाशातले बारीक ठिपके असंख्य आहेत. पण सगळ्यात मोठ्या पट्ट्यावरची नक्षी, जी अख्ख्या आकाशभर पसरते, ती फक्त पाच आकड्यांत मावते. सिद्धान्त ते पाच आकडे सांगत नाही. ते सरासरी किती पसरलेले असावेत एवढंच सांगतो. पाच मुलांची उंची मोजून अख्ख्या जिल्ह्यातल्या मुलांची उंची किती कमी-जास्त होते ते सांगायचं, तसलं हे काम. संख्याशास्त्राप्रमाणे त्यात ६३ टक्के अनिश्चितता राहते. बारीक नक्षीच्या बाबतीत आकडे हजारो असतात, तिथे तीच अनिश्चितता तीन टक्क्यांवर येते.

प्लँक उपग्रहाने ते पाच आकडे यंत्राच्या दृष्टीने जवळपास निर्दोष मोजलेत. म्हणजे ६३ टक्क्यांत यंत्राचा वाटा नगण्य. याहून भारी उपग्रह सोडून उपयोग नाही, मोजायला दुसरं आकाशच नाही. आणि मजा अशी की ही मोठी नक्षी अपेक्षेपेक्षा फिकी आहे. आधीच्या कोबे आणि डब्ल्यूमॅप या उपग्रहांनी ते पाहिलं, प्लँकनेही. तो निव्वळ योगायोग, की सुरुवातीच्या विश्वात आपल्याला माहीत नसलेलं काही घडलं? तापमानाच्या नकाशावरून तरी हे ठरवता येणार नाही, आज नाही आणि आणखी हजार वर्षांनीही नाही.

इथून तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येता येतं. विश्वाला कडा असल्याची कुठलीही खूण नाही. पण कडा नसणं आणि अनंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी. पृथ्वीच्या पृष्ठभागाला कडा नाही, तरी तो अनंत नाही. विश्वाला एकूण वक्रता किती, म्हणजे अवकाश किती वाकलेलं आहे, ते मोजून पाहिलं, तर उत्तर शून्याच्या आसपास येतं, हजारात एक-दोन भागांच्या फरकाने. यावरून विश्व अनंत आहे असं समजू नका. वक्रता अगदी थोडी असेल तर विश्व प्रचंड पण मर्यादित असू शकतं. आणि ती एक लाखात एक भागाच्या घरात असेल, तर सीएमबीतल्या त्या नैसर्गिक चढउतारांत ती हरवून जाईल. खरी वक्रता कोणती आणि आपल्या परिसरातला उंचवटा कोणता, हे वेगळं काढता येणार नाही. शिवाय वक्रता शून्य असूनही विश्व स्वतःत गुंडाळलेलं असू शकतं, म्हणजे सरळ गेलं की मागून परत. तसं असतं तर सीएमबीच्या नकाशात सारख्या नक्षीची वर्तुळांची जोडी दिसायला हवी होती. शोधली, सापडली नाही. गुंडाळी असलीच तर ती आपल्या दृश्य विश्वाहून फारशी लहान नाही, इतकंच त्यावरून म्हणता येतं. विश्व अनंत आहे का या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर म्हणून असं : मर्यादित असल्याचं कदाचित सिद्ध होऊ शकेल, अनंत असल्याचं कधीच होणार नाही.

सीएमबीच्या आधीचं प्रकाशाने दिसत नाही, कारण तेव्हा विश्व अपारदर्शक होतं. पण प्रकाश हा एकच दूत नाही. न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थाशी जेमतेम संबंध येणारे अतिसूक्ष्म कण, पहिल्या सेकंदाच्या सुमारास मोकळे झाले. ते आजही आपल्या अंगातून जातायत, फक्त पकडता येत नाहीत इतके दुबळे आहेत. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, त्याही आधीच्या असू शकतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ या लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे, त्यातून बिग बँग दिसेल अशी समजूत कुठे कुठे आढळते. तिचं काम आदळणाऱ्या कृष्णविवरांचं आणि न्यूट्रॉन ताऱ्यांचं. फार मंद लहरींचा माग वेगळ्या पद्धतीने, पल्सारच्या, म्हणजे घड्याळासारखे नियमित संकेत देणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून लागतो. २०२३ मध्ये तशा लहरींचा पुरावा जगभरातल्या गटांनी एकाच वेळी मांडला, त्यात जीएमआरटीचाही डेटा होता. त्या बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असाव्यात; आरंभीच्या विश्वातल्या असण्याची शक्यता अजून पुसलेली नाही.

आता नारळीकर सर. त्यांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये अर्ध-स्थिर विश्वाचा, म्हणजे विश्वाला सुरुवात नाही असं मानणारा, सिद्धान्त मांडला आणि मे २०२५ मध्ये जाईपर्यंत बिग बँगबद्दलची शंका सोडली नाही. त्यांचा आक्षेप प्रसरणाला नव्हता. आज दिसणाऱ्या भौतिकीचा धागा मागे ओढत ओढत एका क्षणापर्यंत न्यायचा आणि तिथे ‘सुरुवात’ अशी पाटी लावायची, याला होता. आमच्यातल्या बहुतेकांना त्यांचा पर्याय पटला नाही, कारण सीएमबीच्या बारीक नक्षीचा बिग बँगने जितका नेमका हिशेब लागतो तितका त्यांच्या सिद्धान्ताने लागत नाही. मलाही पटला नाही. पण आक्षेपाचा गाभा मला योग्य वाटतो. विश्व एकेकाळी अतिशय उष्ण आणि दाट होतं, हे पक्कं. पहिल्या सेकंदापासून पुढचं आपण बऱ्याच विश्वासाने सांगतो. त्या आधी काय, काळाला सुरुवात होती का, यावर ठामपणे बोलणाऱ्याचं मीही जपूनच ऐकतो. आणि त्यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत सीएमबीवर, म्हणजे त्यांच्या मताविरुद्ध जाणाऱ्या विषयावरच, उत्तम काम झालं. त्यांनी ते होऊ दिलं, हे मला त्यांच्या सिद्धान्ताइतकंच महत्त्वाचं वाटतं.

एक पुरवणी. वरच्या दोन अडथळ्यांमुळे मी ‘कधीच नाही’ असं म्हटलंय, पण दोन्हींचा पाया सारखा मजबूत नाही. १६००-१७०० कोटी प्रकाशवर्षांची रेषा काढताना डार्क एनर्जी, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा, सदैव स्थिर राहील असं धरलेलं आहे. ॲरिझोनातल्या देसी प्रयोगाने मार्च २०२५ मध्ये सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वासार (अतिशय तेजस्वी, दूरची दीर्घिकाकेंद्रं) यांच्या नकाशावरून जे मांडलं, त्यात ती कालांतराने क्षीण होत असल्याचा इशारा आहे. सोबत कुठला सुपरनोव्हा-संच घेता त्यावर त्याचं वजन २.८ ते ४.२ सिग्मा येतं (निकाल निव्वळ योगायोग नसल्याची खात्री मोजायचं हे माप). शोध म्हणायला आम्ही ५ मागतो. हा इशारा खरा ठरला आणि डार्क एनर्जी पुढे विरतच गेली, तर ती रेषा आणखी लांब सरकेल, कदाचित उरणारही नाही. पाच आकड्यांचं मात्र काही बदलणार नाही.